गाडीवरची नावं

आमच्या घरात सरकारच्या लेखी कामगार एकच, ती म्हणजे मी. मी घरात बसून बिड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओली पानं कापायला कात्री आणि बिडीला गुंडाळायला दोरा, एवढाच माझा कारखाना. उंबऱ्याबाहेर पाय न टाकता मी कामगार आहे. माझ्याकडे फोटो लावलेलं कार्ड आहे, माझा फंड कापला जातो, हजार बिड्यांना काय द्यायचं ते सरकार ठरवतं, आणि कमी मिळालं तर आमच्या युनियनच्या बाई मोर्चा काढतात. माझा नवरा मात्र पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत सरकारी रस्त्यावर खडी टाकायचा आणि तो कोणीच नव्हता. इथं लिहिताना मी त्याला अरे-तुरे करते आहे. तोंडावर कधी केलं नाही, भांडताना मनातल्या मनात तेवढं केलं.

त्याला माझ्या कार्डाचं फार कौतुक. चहा हवा असला की दारातूनच ओरडायचा, "कामगार बाईसाहेब, कामातनं सुट्टी मिळंल का जरा?" मी म्हणायची, "अर्ज करा, मग बघू." मुली हसायच्या. मोठी तेव्हा दहावीत होती आणि धाकटी पाचवीत.

तो हायवा चालवायचा. हायवा म्हणजे दहा चाकांचा मोठा डंपर. मागचा हौदा उचलला की सगळी खडी एका दमात खाली येते. गाडी एका शेठची होती. शेठकडे अशा कितीतरी गाड्या, आणि त्या सगळ्या त्यानं एका कंपनीला लावलेल्या. ती कंपनी शहराबाहेरून जाणारा नवा रस्ता बांधत होती. खाणीवरच्या क्रशरवर गाडी भरायची, रस्त्याच्या कामावर आणून रिकामी करायची, पुन्हा भरायला जायचं. एका फेरीला खेप म्हणायचे, आणि पैसे खेपेवर. क्रशरवर रांगेत तीन तास उभं राहिलं तर त्या तीन तासांचं काही नाही.

एकदा त्याला ताप होता आणि तरीही तो कामावर गेला. मी गोळ्या घेऊन आधी बसनं आणि पुढे चालत कामाच्या कॅम्पवर पोचले. फाटकाला लागूनच एक मोठा फलक होता. त्यावर या सरकारी कामावर कोणाला किती किमान वेतन द्यायचं ते लिहिलेलं. अकुशल, अर्धकुशल, कुशल, अशा तीन रांगा. दुसरं कोणी असतं तर पुढे गेलं असतं, पण दर वाचायची सवय मला बिडीनं लावलेली. मी तो फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि तिथल्या कारकुनाला विचारलं, हायवाचा ड्रायव्हर कुठल्या रांगेत?

कारकून बरा होता. त्यानं खुर्ची दिली. म्हणाला, "ताई, रोलर चालवणारा कुशल. मशीन चालवणारा कुशल. हायवावाला यात नाही. खडीचा एक दर असतो, त्यात वाहतूक धरलेली असते, आणि वाहतुकीत ड्रायव्हर धरलेला असतो. जो इथं काम करतो तो मजूर. जो माल टाकून जातो तो पुरवठ्यात."

मी तिथं बसूनच बघत होते. नवरा गाडी घेऊन आला, पण तो माल टाकून गेला नाही. सुपरवायझर शिट्टी मारत पुढे चालला होता आणि नवरा हौदा अर्धा उचलून गोगलगाईच्या चालीनं गाडी पुढे नेत होता, म्हणजे खडी ढीग न होता सारखी पसरत जावी. मग त्याला बाजूला घेतलं, रोलर फिरला, पुन्हा बोलावलं, मागे घे, अजून मागे, तिकडून ये. तासभर हे चाललं होतं. अंगात ताप. रोलरवाला वर छत्रीखाली बसलेला, तो कुशल, आणि त्याच्यासमोर खडी अंथरणारा माझा नवरा पुरवठ्यात.

रात्री जेवताना मी हे सांगितलं तर तो हसला. "मग काय, आमी मालच की. खडीसंगं येतो, खडीसंगं जातो."

मला नाही हसू आलं. मी म्हटलं, "हसताय काय? त्या फलकाएवढं तरी मागा की शेठला. सहा वरसं झाली, खेपंचे पैसं हाय तितंच हायत."

महिनाभर मी त्याच्या मागे लागले. शेवटी एका शनिवारी त्यानं विचारलं. घरी आला तो तोंडभर हसत. मला वाटलं, वाढले पैसे. तो म्हणाला, शेठनं खांद्यावर हात टाकला, चहा पाजला आणि म्हणाला, "पैशाचं काय घिऊन बसलास मर्दा. पोरींची नावं टाक गाडीवर. आजपासनं गाडी तुजीच समज."

त्या शेठकडे ही पद्धत होती. ड्रायव्हर जुना झाला, इमानी निघाला, की त्याला केबिनच्या कपाळावर, काचेच्या वर, आपल्या पोरांची नावं लिहून घ्यायला परवानगी मिळायची. पेंटरचे पैसे शेठ द्यायचा. ज्याच्या गाडीवर शेठच्या देवाचंच नाव असायचं तो अजून कच्चा, असं बाकीचे समजायचे. नाव लागलेला ड्रायव्हर गाडी स्वच्छ ठेवायचा, डिझेल जपायचा, दुसरीकडे दोन पैसे जास्त मिळाले तरी जायचा नाही. पोरीचं नाव असलेली गाडी सोडून कसा जाणार? पगारवाढीपेक्षा हे शेठला किती स्वस्त पडत होतं, ते आज मला कळतं. त्या दिवशी कळलं नाही. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जास्त मीच हुरळले. गल्लीत सांगत सुटले. आमच्या घरात मुलगा नाही, दोन्ही मुलीच, त्यावरून सासरचे टोमणे मी पंधरा वर्षं ऐकले होते. आता माझ्या मुलींची नावं पिवळ्या रंगात, लाल सावली देऊन, पुण्याच्या रस्त्यापासून अक्कलकोटच्या रस्त्यापर्यंत सगळे वाचणार होते. पेंटर लिहीत होता तेव्हा नवरा खाली उभा राहून त्याला वेलांट्या सांगत होता.

त्याच वर्षी खंडेनवमीला शेठनं सगळ्या ड्रायव्हरांना जोडीनं पूजेला बोलावलं. चिंचोळी एमआयडीसीच्या मागच्या बाजूला त्याचं यार्ड आहे, तिथं ओळीनं गाड्या उभ्या होत्या. झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, चाकाखाली लिंबू. प्रत्येक गाडीच्या कपाळावर कोणाची तरी दोन-तीन नावं. आम्ही दोघांनी आमच्या गाडीला हळद-कुंकू वाहिलं, नवऱ्यानं नारळ फोडला, मी ओवाळलं. मी लग्नातली साडी नेसले होते. मोठीनं मोबाईलवर फोटो काढला. फोटोत आम्ही दोघं, मध्ये धाकटी, आणि वर दोघींची नावं. तो फोटो मी मोठा करून आणला आणि भिंतीवर लावला.

अपघात त्यानंतर दीड वर्षानं झाला. पुलाच्या तोंडाशी मुरमाचा नवा भराव घातला होता. रोलर नीट फिरला नव्हता, असं मागून दोघा-तिघांनी मला सांगितलं, पण कागदावर कोणी सांगितलं नाही. सुपरवायझरनं गाडी कडेला घ्यायला लावली. नवऱ्यानं हौदा वर उचलला आणि एका बाजूची चाकं खाली बसली. भरलेला हौदा वर असताना गाडी कलली की काही करता येत नाही. गाडी आडवी झाली आणि केबिन खाली सापडली. त्याचा जोडीदार मागच्या गाडीवर होता. अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा माणूस, माझ्या नवऱ्याचा सहा वर्षांचा सोबती, मला अक्का म्हणायचा. त्यानं काच फोडून नवऱ्याला ओढून बाहेर काढलं. जीव वाचला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

शेठ दवाखान्यात दोनदा आला. पहिल्यांदा रडला. मला ते रडणं खोटं वाटलं नाही, आजही वाटत नाही. दुसऱ्यांदा सफरचंदं घेऊन आला आणि म्हणाला की कंपनी काही देत नाही म्हणते, मी तरी कुठून देऊ. त्यानंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

मी युनियनच्या बाईंकडे गेले. आम्हा बिडीवाल्यांचं काम त्या वीस-पंचवीस वर्षं करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला खाली बसवून समजावलं. "पहिलं भांडण पैशाचं न्हाई. पहिलं भांडण, तो त्या कामावर कामगार हुता की नव्हता, याचं. ते ठरलं की पगारातला फरक, नुकसानभरपाई, सगळं मागनं येतं. शेठनं न्हाई दिलं तर कंपनीला द्यावं लागतं, सरकारी काम हाय. आन ते ठरलं न्हाई, तर तुला कुणाच्याबी दारात उभं ऱ्हाता येनार न्हाई. तवा पुरावा काढ."

पुरावा काय काढणार? नेमणुकीचा कागद नाही, पगाराची पावती नाही, हजेरी नाही. खेपेच्या चिठ्ठ्या दर शनिवारी शेठ परत घ्यायचा. मला माझ्या बिडीकार्डाची आठवण झाली आणि रडू आलं. मी रोज उंबऱ्याच्या आत बसते आणि माझी नोंद आहे. हा माणूस सगळ्या जिल्ह्यानं बघितला, आणि तो ड्रायव्हर होता हे सांगणारं कागदाचं चिटोरं नाही.

मग माझी नजर भिंतीवर गेली. मी फोटो खाली काढला, काच पुसली आणि पिशवीत घातला. अर्ज द्यायच्या दिवशी बाई दुसऱ्या कारखान्याच्या भांडणात अडकल्या होत्या. म्हणाल्या, दोन दिवस थांब. मी थांबणारी नव्हे. माझा स्वभावच तो, हात घातला की काम उरकायचं. मी एकटीच कामगार खात्याच्या ऑफिसात गेले. अर्जाबरोबर पत्त्यासाठी रेशनकार्डाची प्रत जोडली आणि वर फोटो ठेवला. टेबलावरच्या माणसाला बोट लावून दाखवलं, "ही बघा गाडी, हा नंबर, हे माझे यजमान, आणि ही आमच्या मुलींची नावं. यांची गाडी नसती तर कोणी लिहू दिली असती?" त्यानं शिक्का मारला आणि फोटो चौकटीतून काढून फायलीत लावला. मी चांगलं काम केल्यासारखी घरी आले. येताना नवऱ्याला आवडतात म्हणून केळी आणली.

पहिल्या तारखेला शेठ आला नाही, त्याचा वकील आला. तरुण, गोड बोलणारा. मला काकू म्हणाला, नवऱ्याच्या चाकाच्या खुर्चीला वाट करून दिली. मग त्यानं एक स्टॅम्पपेपर काढला. त्यावर नवऱ्याची सही होती. लिहिलं होतं की गाडी मी शेठकडून ठेक्यानं चालवायला घेतली आहे, खेपा किती करायच्या ते मी ठरवतो, नफा माझा आणि तोटाही माझा. नवऱ्याला सही ओळखता आली, कागद ओळखता आला नाही. कामावर लागताना लायसन्सच्या प्रतीबरोबर दोन-चार सह्या घेतल्या होत्या, विम्यासाठी म्हणून.

सुनावणी घेणारे कामगार खात्याचे साहेब म्हणाले, सही कोणीही घेऊ शकतं, दुसरं काही आहे का? तेव्हा त्या वकिलानं आमच्याच फायलीतला आमचाच फोटो वर उचलला.

"साहेब, हा पुरावा मी दिलेला नाही, यांनीच दिलाय. पगारी ड्रायव्हर दुसऱ्याच्या गाडीवर स्वतःच्या मुलींची नावं घालतो का? गाडीची पूजा जोडीनं कोण करतं? ज्याची गाडी असते तो करतो. हे स्वतःचा धंदा करत होते, साहेब. कामावर खडी पुरवायला यायचे. किमान वेतन मजुराला असतं, पुरवठा करणाऱ्याला नाही."

मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "सगळेच घालतात! त्या शेठकडे सगळ्यांच्या गाड्यांवर नावं आहेत!" साहेबांनी मला बसायला सांगितलं. ते रागावले नाहीत. माझं म्हणणं त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "सगळेच घालतात, तर दाखवा. बाकीच्या गाड्यांचे फोटो आणा. एखादा ड्रायव्हर साक्षीला आणा. अशी पद्धत असेल तर मी तिचा विचार करीन." बाहेर आल्यावर युनियनच्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. फोटो दिला होता हे त्यांना तिथंच कळलं होतं. पण साहेबांचं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, "अजून वाट हाय. उद्याच्या उद्या जा."

दुसऱ्या दिवशी सुटीचा वार होता. गाड्या यार्डात असणार म्हणून मी मोठीला घेऊन दुपारी गेले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. फाटक उघडंच होतं. गाड्या ओळीनं उभ्या होत्या, खंडेनवमीला होत्या तशाच. मोठीनं मोबाईल वर धरला आणि तसाच खाली घेतला.

एकाही गाडीवर नाव नव्हतं. सगळ्यांच्या कपाळावर काचेच्या वर पांढऱ्या रंगाचा पट्टा, नवा, चकचकीत. रंगाचा वास अजून येत होता. आमची गाडी दुरुस्त होऊन दुसऱ्या कोणाकडे लागली होती, तीही तशीच. मी एकेका गाडीपुढे जाऊन बघितलं. कुठं काही उरलं असेल, एखादी वेलांटी, एखादा काना. जोडीदाराच्या गाडीवर रंगाचा एकच हात बसला होता. उन्हात मान वाकडी करून बघितलं तर त्याच्या मुलाचं नाव खालून पुसट दिसत होतं. मोठीनं चार-पाच फोटो काढले. फोटोत नुसता पांढरा पट्टा आला.

जोडीदार गाडीच्या सावलीत बसला होता. मला बघून उठला, पण जवळ आला नाही.

"कुनी पुसली ही?" मी विचारलं.

"आमीच की, अक्का." तो बोटांची नखं बघत होता. नखांत पांढरा रंग होता. "काल रातच्याला शेठ आला. पेंटर न्हाई बोलावला. डबा ठिवला मधी आन म्हनला, ज्येनं त्येनं आपापली गाडी रंगवायची. ज्याला जमत न्हाई त्यानं चावी ठिऊन जायचं."

"आन तुमी रंगवली."

"एनु माडोदु, अक्का?" काय करायचं, असं तो आपल्या भाषेत म्हणाला. "पोराचं नाव सोताच्या हातानं पुसलं. दोनदा हात मारवंना म्हून एकदाच मारला."

मी त्याला म्हटलं, साक्षीला या. एवढंच सांगा की आधी नावं होती. तो नखांतला रंग खरवडू लागला. मग म्हणाला, "तेला गाडीतनं काडायचं हुतं तवा मी इचार केला न्हाई. आता इचार करायला लावू नगा." मी त्याला नाही नाही ते बोलले. मोठीनं माझा दंड धरून मला ओढत फाटकाबाहेर आणलं. त्याला बोललेलं आज मला लागतं, कारण त्याच्या जागी माझा नवरा असता तर मीच त्याला डबा उचलायला लावला असता.

घरी नवरा छताकडे बघत पडला होता. मी सगळं सांगितलं.

"समद्यांची पुसली?"

"समद्यांची."

"आपल्या पोरींचीबी?"

मी मान हलवली. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मी त्याच्या पाठीशी बसून हळू आवाजात बोलत राहिले. म्हटलं, आता एकच वाट. ती नावं आपल्या मुलींची नाहीतच, असं सांगायचं. अशी नावं घरोघरी असतात. शेठच्या घरातल्या कोणाची असतील. नावं आपली नाहीत म्हटल्यावर गाडीही आपली नाही. तुम्ही नुसते ड्रायव्हर ठरता, पूजेला शेठनं बोलावलं म्हणून आलेले. तो काही बोलला नाही. मी त्याच्या गप्प बसण्याला होकार समजले. बाईंना यातलं काही सांगितलं नाही, त्यांनी मला करू दिलं नसतं. मुलींनाही सांगितलं नाही.

दुसऱ्या तारखेला मोठीनं खुर्ची ढकलत आणली. तिचं कॉलेजचं पहिलं वर्ष, त्या दिवशी तिचा पेपर होता, तो बुडवून आली. साहेबांनी विचारलं, बाकीच्या गाड्यांचे फोटो आणले का? मी म्हटलं, नाही. साक्षीदार? नाही. मग मी म्हटलं, मला सांगायचंय. माझ्याकडून शपथ घेतली. मी समोर बघून, शाळेत पाठांतर म्हणावं तसं म्हटलं, "मागच्या वेळी मी गोंधळले होते. गाडीवरची नावं आमच्या मुलींची नाहीत. शेठच्या घरातली असतील. आमचा त्या नावांशी काही संबंध नाही."

खुर्चीच्या मागे काहीतरी हललं. मी तिकडे बघितलं नाही.

साहेबांनी फायलीची पानं उलटली आणि एका पानावर थांबले. तेव्हा मला आठवलं. पत्त्यासाठी जोडलेलं रेशनकार्ड. त्यात घरातली चारही माणसं ओळीनं लिहिलेली होती. फोटोही मीच दिला होता आणि रेशनकार्डही मीच दिलं होतं. शेठच्या वकिलाला काहीच करावं लागलं नाही. तो मान खाली घालून बसला होता, आणि मला वाटतं त्यालाही ते बघवत नव्हतं.

साहेबांनी मला खोटारडी म्हटलं नाही. त्यांनी मान वर केली आणि खुर्चीमागे उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, "बाळ, तू यांचीच मुलगी ना? तुझं नाव काय?"

ती माझ्याकडे बघत होती. मी आई असून तिला मानेनं नाही म्हटलं. तिनं ते बघितलं आणि ती गप्प उभी राहिली. माझ्यासाठी ती तशीच उभी राहिली असती, मला माहीत आहे.

"सांग की," नवरा म्हणाला.

त्या ऑफिसात दोन तारखांत तो पहिल्यांदाच बोलला. ती तरीही बोलेना.

"सांग तुजं नाव. भितीस कशाला? मी उभं ऱ्हाऊन लिवून घेतलंय ते." मग तो साहेबांकडे वळला. कमरेखाली जीव नसला की नुसतं वळायलाही दोन्ही हातांनी अंग उचलावं लागतं. "साहेब, गाडी माजी न्हवती. पोरी माज्या हायत. दोन्ही खरं हाय. तुमच्या कागदात दोन्ही बसत नसंल तर ऱ्हाऊ द्या. पर पोरी माज्या न्हाईत असं माज्या नावावर लिवू नगा."

मग मुलीनं नाव सांगितलं. आधी आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव. साहेबांनी टाइप करणाऱ्याला ते घ्यायला सांगितलं. मला नवऱ्याचा इतका राग आला होता की जिन्यावरून खुर्ची उतरवायला चौघांनी हात लावला, मी लावला नाही. रिक्षात बसायच्या आधी मी रस्त्यातच त्याला म्हटलं, "तुमी घालवलंत." तो म्हणाला, "व्हय." दोन महिने आम्ही कामापुरतं बोलत होतो. मी त्याला उचलायची, पुसायची, कुशीवर करायची आणि बोलायची नाही.

निकालाचा कागद पोस्टानं आला. लांबलचक होता. तो कामगार होता असं सिद्ध होत नाही, तो ठेक्यानं गाडी चालवत होता असं दिसतं, अर्ज फेटाळण्यात येतो. युनियनच्या बाई म्हणाल्या, वर अपील करता येतं, बघू. त्यांच्या आवाजावरून मला कळलं ते कळलं. रात्री नवऱ्यानं कागद वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. तो म्हणाला, पुन्हा वाच. मी चिडूनच पुन्हा सुरुवात केली. मधे साक्षीच्या भागात मुलीचं पूर्ण नाव आलं, टाइप केलेलं, अगदी बरोबर, एकही वेलांटी न चुकता.

"हितं थांब," तो म्हणाला.